निळ्या फितीचं पदक

स्क्रू इतका लहान की चिमट्यात धरला तरी धरल्यासारखा वाटेना – डाव्या दांडीच्या बिजागरीतला, आटे झिजलेला, एका बाजूला गंजाचा तांबूस ठिपका – आणि ती तो भिंगाखाली नुसता फिरवत राहिली, कारण तो फिरवत राहिलं की काउंटरपलीकडच्या मास्तरांशी बोलावं लागत नव्हतं, आणि बोलावं लागलं नाही की डोक्यात सकाळपासून चाललेलं ते दुसरं चालू ठेवता येत होतं. आज संध्याकाळी चर्चा बंद होणार. दादांचं, सासऱ्यांचं, ज्ञानकोशातलं पान राहणार की जाणार ते आज ठरणार... आणि हा स्क्रू काही जागेवर बसणार नाही, नवाच टाकावा लागेल.

"नवा टाकते हं, मास्तर."

"टाका, टाका. बसलो त्याच्यावर, दुसरं काय! बायको म्हणाली, चष्मा डोळ्यांवर लावायचा असतो, बुडाखाली नाही."

ती हसली, आणि हसता हसता नजर बिलाच्या कॉम्प्युटरकडे गेलीच. तिथं बिलांच्या मागे, एका क्लिकवर, ते चर्चापान उघडं होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाई कुणाला तरी 'हे बरं की ते बरं' विचारत होत्या, भिंगं बदलल्याचा बारीक टकटक आवाज येत होता, आणि तिला वाटलं, मलाही कुणीतरी असं बसवून विचारावं – हे बरं, की ते बरं? म्हणजे सांगता तरी येईल.

तसं बघितलं तर सगळं तिनंच सुरू केलेलं. ऑनलाइन ज्ञानकोशात सिनेमांची पानं सांभाळायची, चुका काढायच्या, संदर्भ लावायचे, हे बिनपगारी वेड तिला कित्येक वर्षांचं; दोन गिऱ्हाइकांच्या मधे, रात्रीची भांडी व्हायच्या आधी, नवरा परगावी बदलीवर असल्यामुळे आठवड्याचे बरेच दिवस कुणाची कटकट नाही. आणि अलीकडे त्या पानांवर पुरस्कारांचं नुसतं पीक आलं होतं. घरबसल्या भरवलेले महोत्सव – नाव जागतिक, हॉल कुठेच नाही – वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर चॉकलेट ठेवावं तसं प्रत्येकाला सर्वोत्कृष्ट काहीतरी देत होते, आणि ती सगळी चॉकलेटं लोक पानांवर आणून चिकटवत होते. मग तिनं एक नियम सुचवला. साधा. पुरस्कार पानावर घ्यायचा असेल तर देणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्या कुणीतरी त्याबद्दल लिहिलेलं पाहिजे. बस्स. इतकं काथ्याकूट करणारी मंडळी, पण यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कात्रीनं लिहिलं – "योग्य."

कात्री हे काही त्या संपादकाचं खरं नाव नव्हे. खरं म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक वेडीवाकडी माळ. माणूस बाई की पुरुष, म्हातारा की तरणा, काही पत्ता नाही. कात्री हे नाव दादांनी ठेवलेलं. एकदा ती जेवताना चिडून सांगत होती, की एक जण आहे, कशालाही हात लावला की 'स्रोत द्या' म्हणतो आणि नाही दिला की कापून मोकळा होतो – तेव्हा दादा म्हणाले होते, "चांगलंय की. आमच्या लॅबमध्ये असा एक असता तर किती रिळं वाचली असती." तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा ओतताना त्यांचा प्रश्न ठरलेला, काय म्हणते तुझी कात्री? जणू कात्री शेजारीच राहते आणि साखर मागायला येते.

ती कात्री गेल्या आठवड्यात एकेक पुरस्कार छाटत छाटत एका जुन्या सिनेसाप्ताहिकाच्या पदकापाशी येऊन पोचली. सिनेमाच्या प्रिंटा काढणाऱ्या लॅबमधल्या, दादांसारख्या कारागिरांना ते साप्ताहिक पदक द्यायचं. पुढे साप्ताहिकच बंद पडलं. पदकाची बातमी कुठे? त्याच साप्ताहिकात. म्हणजे देणाऱ्याकडे. दुसरा पुरावा? घेणाऱ्याच्या घरात, काचेच्या कपाटात. तिसरा...

"स्रोत द्या," कात्रीनं लिहिलं.

आणि त्या पदकाशिवाय दादांच्या पानावर दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच; पदक गेलं की पानही गेलं. पान म्हणजे तरी काय, कुणा अनोळखी सिनेमावेड्यानं लिहिलेल्या आठ-दहा ओळी. तिनं स्वतः त्यातली एकही लिहिली नव्हती – घरच्या माणसानं घरच्या माणसाच्या पानाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. तिनं फक्त पदकाचा फोटो दिला होता, तोही स्वैपाकघरातल्या ट्यूबखाली मोबाइलवर काढलेला. त्या फोटोत हिरवी फीत निळसर आली, आणि त्या सिनेमावेड्यानं बिचाऱ्यानं फोटो बघून मनापासून लिहिलं – निळ्या फितीचं पदक. दर रविवारी सकाळी ती दादांना पान वाचून दाखवायची. दादांच्या डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलंय, कडा तेवढ्या शिल्लक आहेत. इतके चष्मे बनवते मी, पण त्यांच्या उपयोगाचा एक नाही. तर दर रविवारी निळ्या फितीपाशी दादा बोट वर करायचे.

"हिरवी होती गं."

"माहितीय, दादा."

"मग बदल की."

"पुरावा कुठाय?"

"मी सांगतोय ना! माझ्या गळ्यात घातलंय ते."

"तुम्ही पुरावा नाही, दादा. तुम्ही विषय आहात."

यावर ते इतके हसायचे की पुढच्या ओळी राहूनच जायच्या. जन्मभर रंग दुरुस्त करून पोट भरलेल्या माणसाच्या पानावर रंगच चुकलेला, आणि तो त्यालाच दुरुस्त करता येत नाही!

"मास्तर, बघा लावून."

मास्तरांनी चष्मा लावला, मान हलवून बघितली, आरशात स्वतःकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि गेले. दुकान रिकामं झालं. तिनं पान ताजं केलं – आणि एकदम उभीच राहिली. कुणीतरी, पूर्वी कधी न दिसलेलं, एक दुवा आणून टाकला होता. एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख. पडद्यामागचे विसरलेले हात, असा काहीसा मथळा. त्यात दादांवर चांगला मोठा परिच्छेद, पदकासकट. आणि खाली कात्री – "वृत्तपत्र स्वतंत्र आहे. पुरस्कार व पान दोन्ही ठेवावे. हरकत असल्यास संध्याकाळपर्यंत."

ठेवावे! कात्री म्हणतेय, ठेवावे! तिला वाटलं अंधाऱ्या खोलीत घुसून डॉक्टरीणबाईंना मिठी मारावी. वाटलं त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत, त्या पत्रकाराचे धरावेत... डोळे भरूनच आले, काउंटरवरची काच पुसायचं फडकं घेऊन तिनं ते टिपले, आणि मग, सवयच ती, दुवा उघडून लेख वाचला.

'...निळ्या फितीचं हे पदक आजही त्यांच्या घरातील काचेच्या कपाटात...'

तिनं परत वाचलं. त्याच आठ-दहा ओळी, त्याच क्रमानं, थोडी क्रियापदं फिरवून. तारीख बघितली – पान लिहिलं गेल्यानंतरच्या वर्षातली. दादांकडे कुणी पत्रकार कधी आलेला नव्हता. आला असता तर त्याला निदान हिरवं दिसलं असतं. म्हणजे यानं बसल्या जागी आपलं पान उतरवून काढलं, आणि आता तेच पान स्वतःच्या सावलीला साक्षीदार म्हणून उभं करतंय. आणि हे जगात कुणाला कळणार? कात्रीलासुद्धा कळलं नाही. कळणार फक्त एका माणसाला – ज्यानं ती हिरवी फीत हातात घेतलीय. म्हणजे मला.

ती स्टुलावर बसली. बोलायचं नाही, असंही म्हणता येत होतं, हीच तर गंमत. चर्चा सुरू झाली त्याच दिवशी तिनं जाहीर करून टाकलं होतं, की यातलं एक पदक माझ्या सासऱ्यांचं आहे, त्याबद्दल मी मत देणार नाही. तेव्हा किती ताठ मानेनं लिहिलं होतं ते. आता त्याच्याच आड लपायचं – मी कशी बोलू बाई, मी घरची. कुणी बोट ठेवू शकणार नाही. नियमात बसणारी चुप्पी... दुपारभर ती दोन भिंगं घासत होती, कडा जुळवत होती, गिऱ्हाइकांच्या कानांमागे दांड्या वाकवत होती, आणि आत एकच गुऱ्हाळ चालू – बोलले तर पान जाईल, नाही बोलले तर राहील. खरं बोलणारं दुसरं कुणी नाही, फक्त माझं तोंड.

आणि हे दादांच्या बाबतीत! लग्न होऊन आले तेव्हा चष्म्याचा कोर्स अर्धवट टाकून आले होते. कुणी काही म्हणत नव्हतं. दादाच एकदा म्हणाले, अर्धवट प्रिंट डब्यात ठेवून काय करायचं? पुरी कर. लॅब बंद पडून ते घरी बसले होते. रोज संध्याकाळी स्वैपाकघर त्यांनी स्वतःकडे घेतलं, जन्मात कधी कांदा न चिरलेल्या माणसानं, आणि मी आत पुस्तक घेऊन. भाजी करपली की ताट झाकून आणून ठेवायचे आणि म्हणायचे, आज जरा डार्क प्रिंट झालीय, सांभाळून घे. रंग बघायला त्यांनीच शिकवलं. पांढरा म्हणजे कुठला पांढरा, असं विचारायचे. त्यांच्या कामात सगळं उलटं चालायचं – पडद्यावर निळं जास्त हवं असेल तर प्रिंट करताना निळा उजेड कमी करायचा – आणि ते समजेपर्यंत मी तीनदा चिडले होते आणि ते एकदाही नाही. या माणसाला आता काय सांगू? की तुमचं पान मी घालवलं?

पण त्या पानांनीही मला काही कमी दिलेलं नाही. काउंटरच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या बाईला कोण विचारतं? तिथं विचारतात. एक स्वल्पविराम हलवला तरी कुणीतरी, कुठल्या तरी गावात, रागावतं किंवा धन्यवाद म्हणतं. कात्रीनं पहिल्यांदा 'योग्य' लिहिलं त्या दिवशी तिनं ते नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, बढती मिळाली का?

दुकान बंद व्हायच्या सुमाराला तिनं लेख शेवटचा म्हणून उघडला, आणि या वेळी तो मोबाइलवर असल्यामुळे खाली सरकला, आणि सकाळी न बघितलेलं एक चित्र वर आलं. सिनेमातलं. ज्या सिनेमासाठी पदक मिळालं त्यातलं. गच्ची, दोरीवर चादरी, एक बाई चादर ओढून घेतेय, आणि मागे आभाळ... तिनं शटरची किल्ली तशीच हातात धरून ठेवली. हे आभाळ ओळखीचं आहे.

सिनेमाचं नाव ती दर रविवारी वाचत होती, पण नाव म्हणजे नाव. दादा त्या शॉटबद्दल बोलायचे ते आकड्यांत, निळा इतका, लाल तितका, गच्ची नाही की चादर नाही. आणि मी तो बघितलाय. पाचवीत असताना, आत्याबरोबर, कालव्याशेजारच्या पत्र्याच्या थिएटरात. शटर ओढून ती घरी निघाली; चढावाचा रस्ता, पिठाच्या गिरणीशी ती नेहमी दम खायला थांबायची, तिथं आज न थांबल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. सिनेमातली ती बाई एकेक चादर काढते आणि चादरीगणिक अंधारून येतं, अगदी हळू, कळतही नाही, आणि शेवटची चादर निघते तेव्हा रात्र... सिनेमात पुढे काय झालं ते आठवत नाही, कारण मी पुढचा बघितलाच नाही, मी आत्याचा हात ओढत होते. उशीर झाला. आई रागावेल. घरी चल.

घरात शिरली तेव्हा दादा चहा ओतत होते, कपाच्या आवाजावर कान ठेवून. कप भरत आला की आवाज चढतो, त्यावरून हात थांबवायचा, ही त्यांची नवी विद्या.

"काय म्हणते तुझी कात्री?"

तिनं पर्स खुर्चीवर टाकली आणि सगळं सांगून टाकलं. लेख, कात्रीचं 'ठेवावे', निळी फीत. दादा ऐकत होते, आणि निळ्या फितीपाशी आल्यावर त्यांना हसू फुटलं, ठसका लागला, बशीत चहा सांडला.

"म्हणजे त्या गाढवानं निळीसुद्धा उतरवली?"

"हो."

"मग सापडलाच की चोर! नुसती नक्कल केली असती तर चाललं असतं, आमची चूकसुद्धा घेऊन गेला..." मग ते तिच्याकडे वळले. "तू सांगितलंस तर पान जाईल?"

"बहुतेक."

"हं."

त्यांनी बशीतला चहा परत कपात घातला. मग म्हणाले, "लिही. चुकीची प्रिंट मी कधी गेटच्या बाहेर सोडली नाही, आता सोडायला सांगू नकोस." आणि कपाकडे बघत, "वाईट वाटतंय हे मात्र खरं. उगीच नाही म्हणत नाही."

"मलाही, दादा."

"रविवारी काय वाचशील मग?"

हे त्यांनी अगदी सहज विचारलं, उद्या भाजी काय आणायची विचारावं तसं, आणि तिला तिथं उभं राहवेना. ती आत गेली. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत भिंतीकडे बघत बसली. मग लिहिलं – हा लेख आपल्याच पानावरून उतरवलेला आहे. तारखा पाहाव्यात. फीत खरं तर हिरवी आहे, फोटोत रंग चुकला, तीच चूक लेखात गेली. हा तिसरा स्रोत नव्हे. आणि सहीच्या जागी, नेहमीच्या टोपणनावापुढे – पदक ज्यांना मिळालं त्यांची सून. बटण दाबलं. तिथं बसून कात्रीची वाट बघता आली असती. आजवर तिनं नेहमी तेच केलं होतं. ती उठून स्वैपाकघरात आली आणि दादांसमोरची खुर्ची ओढली.

"दादा, तो गच्चीचा शॉट. चादरींचा."

"त्याचं काय?"

"मी बघितलाय. लहान असताना. आज कळलं मला, तो तुमचा होता ते."

दादांनी मान जराशी वळवली. कुणाकडे नीट बघायचं असलं की ते हल्ली असंच करतात, कडेनं. "टळटळीत दुपारी शूटिंग केलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "आणि मग आमच्याकडे येऊन म्हणाले, संध्याकाळ करून द्या. चादरी निघेपर्यंत रात्र व्हायला पाहिजे."

"झाली. खरंच झाली. मला वाटलं बाहेरही झाली. मी रडून आत्याला सिनेमा अर्धा सोडून बाहेर काढलं, आई रागावेल म्हणून. आणि बाहेर आलो तर... ऊन."

"ऊन?"

"कडक. दुपारचा खेळ होता ना. डोळे उघडवेनात. मी आत्याला विचारलं, परत सकाळ झाली का?"

हातातला कप दादांनी टेबलावर ठेवला, पण टेबल जिथं वाटलं त्याच्या जरा अलीकडे, आणि तिनं तो खालून धरला. नोकरीत असेपर्यंत त्यांनी प्रत्येक सिनेमा लॅबच्या छोट्या खोलीत बघितला होता, आवाज बंद करून, उलटसुलट, तुकड्यातुकड्यानं. लोकांबरोबर अंधारात बसून, असं कधी नाही. पदक देणाऱ्यांनी पदक दिलं, टाळ्या झाल्या. पण पडद्यावरची ती संध्याकाळ बघून कुणी घाबरलं होतं का, हे त्यांना कोण सांगणार होतं?

"कुठलं थिएटर?" त्यांनी विचारलं.

"कालव्याशेजारचं. पत्र्याचं."

"तिथं म्हणजे चार गावं फिरून आलेली प्रिंट असणार. घासलेली. त्यात कसली दिसते संध्याकाळ."

"घासलेली नव्हती."

"असणारच. तुला काय कळतंय, पाचवीतली तू."

"दादा, मी बघितलीय."

"निळा उडालेला असणार त्यात."

"अजिबात नाही!"

आत स्क्रीनवर एव्हाना काहीतरी उमटलं असेल. कात्रीनं एका शब्दात निकाल दिला असेल, पान गेलं असेल, किंवा कुणीतरी, कुठल्या तरी वाचनालयात, जुन्या फायली उपसायला निघालं असेल. काय ते उद्या बघू. माझं मन इतकं भरून आलं होतं की कुणाचे म्हणून आभार मानू ते कळेना – त्या आळशी पत्रकाराचे, ज्यानं नको ते उतरवलं आणि हवं ते चित्र छापलं, की माझ्या रडण्यापुढे पाच-दहा मिनिटांत हरून बाहेर आलेल्या आत्याचे, की समोर बसलेल्या या हट्टी माणसाचे, जो लाल झालेल्या चेहऱ्यानं, अर्ध्या डोळ्यांनी, माझ्याशी माझ्याच आठवणीवरून वाद घालत होता. थँक यू म्हणावं, वाकून नमस्कार करावा, काहीतरी करावं... आणि ते सगळं बाजूला ठेवून मी टेबलावर हात आपटून त्यांच्याशी भांडत होते, प्रिंट घासलेली नव्हती म्हणून.